पुन्हा त्याच दारात

पप्पा,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटी आल्या होत्या. पांढरा ब्लाऊज, हातात पांढरी फुलं. दारात चपला काढून आत आल्या आणि हॉलमधली बुद्धमूर्ती बघून जागच्या जागी थांबल्या. भन्तेजी पालीत वंदना म्हणत होते. आंटी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "यू ऑल बुद्धिस्ट, आह? सो लाँग स्टे हिअर, नेव्हर से वन. सेम लाइक अस, ला." आईने ते ऐकलं. ती तोंडाला पदर लावून रडत होती, तशीच हसायला लागली, आणि मग पुन्हा जास्तच रडली.

इतकी वर्षं आंटींना वाटत होतं की आपण हिंदू आहोत. तसं वाटावं अशी सोय तुम्हीच करून ठेवली होती. मूर्ती आतल्या खोलीत, कपाटावर, दार सताड उघडं असलं तरी दिसणार नाही अशी. दारावरच्या पाटीवर नुसतं तुमचं नाव, आडनावाला सुट्टी. मराठी मंडळींच्या गणपतीला जायचात, मागच्या रांगेत उभे राहायचात आणि आरती संपली की सगळ्यांच्या आधी चपला शोधायला निघायचात. कुणी "मूळ गाव कोणतं तुमचं?" असं विचारलं की तुम्ही एमआरटी ट्रेनचं भाडं कसं वाढलंय ते काढायचात. तुमचं लाडकं वाक्य ठरलेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूर्ती आता हॉलमध्येच राहणार आहे. आईने ती स्वतः उचलून आणली. मला तिने विचारलं नाही, आणि तुम्हाला विचारायची सोय उरली नव्हती.

तुमच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलणारे खूप आले, पप्पा. चांगी बिझनेस पार्कमधल्या तुमच्या ऑफिसची माणसं आली, कुणाला तुम्ही नोकरीला लावलं होतं, कुणाला गाडी चालवायला शिकवलं होतं. ते सगळं खरं आहे. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट भांडण घेऊन जगणं फार अवघड जातं हे मला या महिन्यात कळलं.

भांडणाची सुरुवात मुंबईपासून झाली. मला डोळ्यांची सर्जन व्हायचं होतं. इथे त्यासाठी ट्रेनीशिप मिळवावी लागते. दरवर्षी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अर्ज करणारे सगळे आपापल्या बॅचचे हुशार. आधी मार्क बघतात, मग मोठे डॉक्टर समोर बसवून मुलाखत घेतात. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, नाहीतर वाट बदलायची. मी मेडिकल ऑफिसर म्हणून वॉर्डात राबत होते आणि पहिल्यांदा अर्ज केला होता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत.

"मूळ कुठली विचारलं तर मुंबई सांग."

"पप्पा, चिनी डॉक्टर आहेत ते. त्यांना मुंबई काय नि नागपूर काय."

"सगळे चिनी नसतात. एखादा आपल्याकडचा निघतोच. नागपूर म्हटलं की आडनाव जोडतो, आडनाव जोडलं की..." तुम्ही वाक्य तिथेच सोडलंत. "वडील काय करतात विचारलं तर इंजिनीअर. बस. घरातलं घरात."

"हिअर नोबडी केअर्स, ला," असं मी म्हटलं खरं, पण ऐकलंही तुमचंच. दहा वर्षांची असताना या देशात आले तेव्हापासून तुमचंच ऐकत आले होते. शाळेत डब्याबद्दल कुणी विचारलं, कॉलेजात सणांबद्दल विचारलं, की मी दुसराच विषय काढायची. ती कला मी तुमच्याकडूनच उचलली होती.

पॅनलवर एकही भारतीय नव्हता. मधोमध बसलेल्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवलेला होता, माणूस दिसायला प्रेमळ. त्यांनी विचारलं, मूळची कुठली? मी म्हटलं, मुंबई. त्यांचा चेहरा फुलला. ते कधीतरी मुंबईत बरेच दिवस राहून आले होते. "विच पार्ट?" मी मुंबईचा फक्त विमानतळ पाहिला होता, तोही तुमच्या खांद्यावर डोकं टेकून, झोपेत. म्हटलं, एअरपोर्टजवळ. ते म्हणाले, "विच साइड?" मी म्हटलं, "रनवेच्या बाजूला, सर."

कुणीतरी खोकलं. मग त्या डॉक्टरांनी विचारलं, डोळेच का? याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते घरातलं होतं, आणि घरातलं घरात. मी पुस्तकातलं वाक्य म्हणून टाकलं, सूक्ष्म शस्त्रक्रियेतली अचूकता मला भावते वगैरे. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला आणि पुढचा कागद वाचायला घेतला. ताकाला गेले आणि भांडं लपवून बसले, मग ताक कोण घालणार?

जागा मिळाली नाही. आमच्या वॉर्डच्या सीनियर मॅडमनी चौकशी करून मला सांगितलं, मार्क चांगले आहेत तुझे, पण पॅनलला वाटलं, तू काहीतरी लपवते आहेस.

तुम्ही मात्र निकाल ऐकल्याबरोबर म्हणालात, "आडनाव वाचलं असेल."

"त्यांना माझं आडनाव म्हणतासुद्धा येत नाही, पप्पा."

"म्हणता येत नाही म्हणून कळत नाही असं नसतं."

मग मी सगळी मुलाखत सांगितली. एअरपोर्ट, रनवे. आईला हसू आवरेना. पण मी "विच साइड" म्हटल्याबरोबर तुम्ही हातातली पोळी ताटात ठेवलीत, एवढं मला दिसलं. मी रागात होते, म्हणून पुढचं बोलून टाकलं. "आडनावाने नाही गेली माझी सीट. मुंबईने गेली. तुमच्या मुंबईने." तुम्ही ताट घेऊन उठलात, घासून ठेवलंत आणि झोपायला गेलात.

माणूस गेल्यावर अशा बोलण्याचा पश्चात्ताप होतो म्हणतात. मी आत शोधून पाहिलं. होत नाहीये. ते खरं होतं आणि तुम्हालाही ते खरं आहे हे माहीत होतं. मला वाईट याचं वाटतं की मी त्या रात्री तुमच्या हातातून पोळी का खाली गेली ते विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही नवंच धरून बसलात. पुन्हा अर्ज करायचा नाही. लोकांचे बाप मुलींना मागून ढकलतात, माझा बाप ओढणीला धरून मागे ओढत होता. पॉलिक्लिनिकमध्ये नोकरी कर, ठरलेल्या वेळेला घरी येशील, पगार बरा आहे. मी नाही म्हटलं की तुमची पुणेरी मराठी गळून पडायची आणि खालून तेच नागपूर वर यायचं जे तुम्ही जगापासून लपवून ठेवलं होतं.

"काहून जायचं पुन्हा? एकदा नाही म्हटलं ना त्यांनी?"

"जागा कमी, माणसं जास्त. त्यात काय एवढं."

"ज्या दारात एकदा नाही म्हटलं त्या दारात पुन्हा उभं राहायचं नसते, पोरी. मान राहत नाही."

हा वाद आपण कुठे कुठे घातला. खाली हॉकर सेंटरमध्ये डोसा खाताना, रविवारी भाजी आणताना, गाडीत उभ्याउभ्या हळू आवाजात. तुम्ही हट्टी, मी तुमची मुलगी. मी शेवटी तुम्हाला न सांगता अर्ज भरून टाकला, आणि आईने ते तुम्हाला लगेच सांगून टाकलं.

पप्पा, त्या रविवारच्या दुपारबद्दल मला तुमचे आभार मानायचे राहून गेले.

मी डायनिंग टेबलाशी वाचत बसले होते, आई मटार सोलत होती. तुम्ही खोलीतून बाहेर आलात ते इस्त्रीचा शर्ट आणि ऑफिसचा टाय लावून. खाली मात्र घरातला चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. समोरची खुर्ची ओढलीत, बसलात आणि तुमच्या मीटिंगच्या इंग्लिशमध्ये म्हणालात, "डॉक्टर, प्लीज बी सीटेड." मी बसलेलीच होते. आई म्हणाली, "हे काय नवीन?" तुम्ही म्हणालात, "ती जाणारच आहे. तर तयारी करून जाऊ दे."

"वेअर आर यू फ्रॉम?"

"नागपूर."

तुम्ही टाय सरळ केलात. "नेक्स्ट क्वेश्चन," म्हणालात, पण पुढचा प्रश्न काही येईना. मग मलाच चेव आला. म्हटलं, आता मी पॅनल, तुम्ही उमेदवार. खुर्च्या बदलल्या. मी पेन कपाळावर चष्म्यासारखं टेकवून विचारलं, "टेल अस अबाउट युअरसेल्फ, सर."

तुम्ही खुर्ची जरा मागे सरकवलीत. मला वाटलं, नेहमीसारखे उठून जाल. पण तुम्ही बोलायला लागलात, आणि मराठीत बोललात.

इंजिनीअरिंग झाल्यावर एका मोठ्या संस्थेत संशोधनाच्या जागेसाठी तुम्ही मुलाखतीला गेला होतात. मार्क चांगले होते, विषयही तोंडपाठ होता. समोरच्या प्राध्यापकांनी विषयाचं काहीच विचारलं नाही. आडनाव विचारलं, ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. मग गाव विचारलं. मग विचारलं, "गावाच्या कोणत्या बाजूला घर तुमचं?"

"मी सांगितलं," तुम्ही म्हणालात. "खोटं काय सांगणार? सांगितलं कोणत्या बाजूला ते. ते एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, या तुम्ही."

म्हणून ती पोळी खाली गेली होती. त्या चष्मेवाल्या भल्या माणसाने मुंबईच्या विमानतळाची बाजू विचारली होती, आणि तुम्ही ऐकलं होतं गावाच्या बाजूचं.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज नाही केला?" मी विचारलं.

"केला. बोलावणंही आलं. वर्गणी काढून भावाने तिकीट काढून दिलं. मी स्टेशनवर गेलो, बाकावर बसलो. गाडी आली. गाडी गेली."

"मग?"

"मग काय. घरी आलो आणि तुझ्या आजीला सांगितलं, मुलाखत चांगली झाली."

आईच्या हातातला मटार हातातच राहिला होता. ती म्हणाली, "मला नाही सांगितलं कधी." तुम्ही म्हणालात, "तुला मी नोकरी लागल्यावर मिळालो, त्याआधीचं कशाला." मग टायची गाठ सैल केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जा तू. मुंबई नको सांगू या वेळी." जरा थांबून विचारलंत, "पण त्यांनी पुन्हा नाही म्हटलं तर?"

मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू." तुम्ही वाट बघत बसलात. तुम्हाला खरं उत्तर हवं होतं, मुलाखतीत देतात तसं, आणि माझ्याकडे तेव्हा ते नव्हतं. आई म्हणाली, चहा टाकू का. विषय तिथेच संपला.

पुढच्याच महिन्यात, एका सकाळी, तुम्ही नेहमीसारखे खाली कॉफी प्यायला गेलात आणि नेहमीच्या टेबलाशी बसून राहिलात. स्टॉलवाल्या अंकलना वाटलं, डुलकी लागली असेल. मी इमर्जन्सीत पोचले तेव्हा तिथल्या डॉक्टरने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी डॉक्टर आहे, मला कळायचं ते दारातच कळलं होतं. तरी मी तुमच्या पापण्या उघडून पाहिल्या. रोज कितीतरी लोकांच्या पापण्या उघडते मी. तुमच्या पुन्हा मिटवायला हात होईना.

मुलाखत त्याच आठवड्यात होती. तुमचे भाऊ, आमचे मोठेबाबा, नागपूरहून आले होते, घर माणसांनी भरलं होतं. मी आईला म्हटलं, पुढे ढकलून मागते. आईने माझा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "जा. स्टेशनवरून परत येऊ नको." तिने एवढंच म्हटलं. तोआ पायोह स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर मला बाक दिसला तेव्हा मी त्याच्यावर बसले नाही, उभीच राहिले. गाडी आली, मी चढले.

तेच डॉक्टर होते, चष्मा तसाच कपाळावर. मला ओळखलं त्यांनी. "आह, द बॉम्बे गर्ल."

मी म्हटलं, "नाही सर. नागपूर. मुंबई मी मागच्या वर्षी सांगितली, कारण माझ्या वडिलांना भीती वाटत होती."

"भीती? कशाची?"

मी सांगितलं, पप्पा. सगळं नाही, चार वाक्यांत मावेल तेवढं. आडनाव, गावाची बाजू, स्टेशनवरचा बाक. त्यांना किती समजलं माहीत नाही, पण कुणी कागद वाचत बसलं नाही. मग डोळेच का, हेही सांगितलं. आजीच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं, मी तेव्हा लहान होते. शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आजीला तपासताना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पट्टी सुटल्यावर आजीने आधी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काहून रे, एवढा वाळला तू?" पण नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला ती ऑपरेशनचं नाही, त्या खुर्चीचंच सांगत राहिली. कुणाच्या शेजारी खुर्चीवर बसायला तिला आयुष्यात त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या डॉक्टरीणबाईंसारखं व्हायचं होतं. एवढंच होतं माझं कारण.

डॉक्टरांनी विचारलं, "आणि आता? वडिलांना अजून भीती वाटते?"

मी म्हटलं, ते गेले, सर, रविवारी. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. पॅनलवरच्या एक मॅडम म्हणाल्या, तू मुलाखत पुढे ढकलून मागायची होतीस, आम्ही दिली असती. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी एक मुलाखत पुढे ढकलली होती, मॅडम. ती झालीच नाही."

काल निकाल लागला. जागा मिळाली नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. मी म्हणाले असते, मार्क. माझ्यापेक्षा जास्त मार्कांची माणसं होती, संशोधन केलेली होती, मी त्यांना ओळखते. तुम्ही म्हणाला असतात, तू भोळी आहेस. कदाचित तुम्ही रतीभर बरोबरही असाल, जगात कुठे कुठे काय पोचलंय ते मी कशी सांगू. पण मागच्या वर्षी त्यांनी मला न बघता नाही म्हटलं होतं आणि या वर्षी बघून नाही म्हटलं. यात फरक आहे, पप्पा. हे मला तुमच्याशी भांडून, तुमच्या गळी उतरवायचं होतं. आणि तुमची ती मान, जी राहत नाही म्हणायचात, तीही मी चाचपून पाहिली. आहे जागेवर. जरा दुखतेय.

आज कामावरून परत येताना गाडीत मोठेबाबांचा फोन आला. ऑफिस सुटण्याची वेळ, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठेबाबा सुरुवात करतात तशीच केली. "जय भीम, बेटा."

त्यांचा फोन आला की तुम्ही कसे दाराच्या कोपऱ्यात जायचात, तोंडावर हात धरायचात आणि बँकेचा पिन सांगावा तसं पुटपुटायचात, हो, हो, जय भीम. मी डब्याच्या मधोमध उभी होते. जेवढ्या आवाजात माणसं हॅलो म्हणतात तेवढ्या आवाजात मी म्हटलं, "जय भीम, मोठेबाबा."

कुणीही वळून बघितलं नाही. शेजारची मुलगी गाणी ऐकत होती, समोरचे अंकल पेंगत होते. मला इतकं रडू आलं, पप्पा. इतकं सोपं होतं ते, आणि तुम्ही इतकी वर्षं त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिलात.

मोठेबाबा म्हणाले, "काय झालं वं तुह्या सीटचं?"

"नाही मिळाली."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. तुमचा भाऊ आहे तो, श्वाससुद्धा तुमच्यासारखाच घेतो. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो तुम्ही टायची गाठ सैल करून विचारला होतात आणि उत्तराची वाट बघत बसला होतात.

"मंग आता?"

"आता काय, मोठेबाबा," मी म्हटलं. "पुन्हा जाईन."